पोकळी मफी

आमच्या घरच्या गणेशजयंतीला श्री. रघुवीर परब प्रथम आमच्याकडे आले. प्रसादाचा तिळाचा लाडू त्यांनी उजव्या हातात घेतला, कपाळाला लावला, आणि डाव्या हाताने खिशातून एक काटा काढून तो लाडू त्यावर ठेवला. सोनाराच्या दुकानात असतो तसला, तळहातावर मावणारा, उजळ आकडे दाखवणारा काटा. आकडा स्थिर होईपर्यंत ते श्वास रोखून उभे राहिले. नंतर लाडू कानाशी नेऊन त्यांनी त्यावर हलकेच टिचकी मारली, क्षणभर ऐकले, आणि समाधानाने म्हणाले, "पोकळी मफी."

मफी म्हणजे नाही. बहारीनमध्ये हा शब्द भाजीवाल्यापासून बँकेतल्या अधिकाऱ्यापर्यंत सर्वांच्या तोंडी असतो. पाठशाळेतून निवृत्त होऊन मी मुलाकडे, श्रीधरकडे, झिंज या वस्तीत राहावयास आलो, तेव्हा या नगरीने मला शिकवलेला हा पहिलाच शब्द. परंतु देवाच्या प्रसादाला असे प्रमाणपत्र दिलेले मी तोपर्यंत ऐकले नव्हते.

"अहो, माझ्या लाडवात पोकळी कशी असेल?" माझ्या सूनबाई मुग्धा काहीशा दुखावून म्हणाल्या.

"वहिनी, वरून सगळं चांगलंच दिसतं," परब म्हणाले. "तोलल्याशिवाय कळत नाही."

इतके करून ते थांबते, तर मी तो प्रसंग विसरूनही गेलो असतो. पण तेवढ्यात त्यांची दृष्टी माझ्या देवघराकडे वळली. मी नुकताच अभिषेक आटोपून शाळिग्राम ताम्हणातून उचलत होतो. माझ्या गुरुजींनी तो मला दिलेला. पाठशाळा सोडताना मी जे थोडे बरोबर घेतले, त्यांतले हे सर्वांत वडील. माझा हात आता वयोमानाने कापतो. त्यामुळे शाळिग्राम ताम्हणाच्या काठाला किंचित लागला आणि बारीकसा नाद झाला. परबांनी मान तिरकी केली.

"गुरुजी, आत पोकळी आहे."

मी त्यांना शांतपणे समजावले, की शाळिग्रामाच्या पोटात पोकळी असते, तिच्यात चक्राची चिन्हे असतात, आणि ती पोकळी हेच भगवंताचे वसतिस्थान होय. त्यांनी सर्व आदराने ऐकून घेतले. मग म्हणाले, "असेल. पण पोकळी ती पोकळी." आणि नमस्कार न करताच निघून गेले. तपासणीत नापास झालेल्या वस्तूपुढे हात जोडणे त्यांच्या तत्त्वात बसत नसावे.

त्या दिवसापासून या गृहस्थाविषयी माझे मन साशंक झाले.

परब आमच्या डोक्यावर, म्हणजे चौथ्या मजल्यावर राहत. त्यांची पत्नी निवर्तलेली; मुलगी सासरी, परदेशात. त्यांचा व्यवसाय लिफ्ट तपासण्याचा. अदलियातल्या लहान कचेऱ्यांपासून रिफातल्या मॉलपर्यंत सर्वत्र त्यांच्या सहीचा कागद लिफ्टच्या आत लावलेला असे. हा माणूस स्वतः मात्र आयुष्यात लिफ्टमध्ये पाय ठेवत नसे. आमच्या लिफ्टजवळ कोणी उभे दिसले, की ते थांबत, दाराला कान लावत, "आज तरी ठीक वाटतेय," असे पुटपुटत आणि जिन्याने वर जात. ते 'आज तरी' ऐकल्यावर आमच्या मुग्धाही भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढू लागल्या.

ते सर्वच वस्तू तोलून घेत. अंडी तोलत, बटाटे तोलत. झिंजमधल्या किराणा दुकानाचा मल्याळी मालक त्यांना पाहताच नारळांची टोपली पुढे करी, कारण ते प्रत्येक नारळ वाजवल्याखेरीज जागचे हलत नसत. त्यांनी वाजवून बाजूला ठेवलेला नारळ मग दुसरे कोणी घेत नसे. माणसांविषयीही त्यांची हीच रीत होती. कोणी फार गोड बोलू लागला, की ते त्याच्याकडे मान तिरकी करून पाहत. जणू आत्ता टिचकी मारतील.

एवढ्याने कोणी संशयास्पद ठरत नाही, हे मला ठाऊक आहे. पण पुढे एकेक गोष्ट दिसू लागली.

सायंकाळी मी गच्चीवर संध्येला बसतो. तेथून खालचा वाहनतळ दिसतो. परब रोज कामावरून परतताना उभ्या मोटारींच्या रांगेतून वाकून चालत. एखाद्या चाकाजवळ बसत, काही उचलत, खिशात टाकत, इकडे तिकडे पाहत आणि पुढे जात. दुसऱ्याच्या मोटारीच्या चाकाशी सज्जन माणसाचे काय काम असावे? मुग्धा म्हणाल्या, "बाबा, टायरच्या दुकानाबाहेरही मी त्यांना पाहिलंय. कचऱ्याच्या डब्यात हात घालून बसले होते."

मग शुक्रवार. शुक्रवारी येथे सुट्टी. माझी पूजा त्या दिवशी सावकाश, निवांत चालते. पूजा संपत येई तेव्हा वरून जळत्या मेणबत्तीचा वास खाली उतरे. विजेचा लखलखाट असलेल्या या देशात भर दुपारी मेणबत्ती कशासाठी? आणि त्यापाठोपाठ छतावर आवाज येऊ लागे. टक्. मग स्तब्धता. मग कोणीतरी बोलल्यासारखे. पुन्हा टक्. माझे चित्त ध्यानातून निघून त्या आवाजाच्या मागे छतावर जाऊन बसे.

आमच्या इमारतीत श्री. देशमुख म्हणून एक हिशेबतपासनीस आहेत. इमारतीचे व्यवहार पाहण्याची जबाबदारी त्यांनी स्वतःच स्वतःवर सोपवलेली आहे. एका शुक्रवारी ते धापा टाकत आमच्याकडे आले.

"काका, दार लावा आधी." ते बसले, पाणी प्यायले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "परबांचं दार उघडं होतं. मी सहज आत बघितलं."

"सहज?" मुग्धांनी विचारले.

"बरं, मुद्दाम बघितलं. वहिनी, थट्टा नकोय. ताम्हणात गोळ्या होत्या. शिशाच्या. बंदुकीच्या गोळ्या ओततोय हा माणूस! मी यूट्यूबवर चेक केलं. ते टायरचे तुकडे आहेत ना, चाकाचा तोल साधायला लावतात ते? शिशाचे असतात. ते वितळवायचे, मेण टाकून मळ काढायचा, साच्यात ओतायचं. आणि तो काटा? प्रत्येक गोळीचं वजन एक यावं म्हणून. सगळं जुळतंय, काका."

माझ्या मनात पहिला विचार आला तो ताम्हणाचा. ताम्हणात गोळ्या!

"बंदूक दिसली?" मी विचारले.

"ती काय दिवाणखान्यात टांगून ठेवणार आहे? हे बघा, हा आपला देश नाही. उद्या कोणी तक्रार केली तर परबांचा व्हिसा खलास. ते जातील ते जातील, पण चौकशी पूर्ण बिल्डिंगची होईल. तुमच्या श्रीधरची होईल, माझी होईल. तुमच्या डोक्यावर चाललं होतं, मग तुम्हाला माहीत नव्हतं का, असं विचारतील. मी मालकाला सांगतो. आजच."

मुग्धांचा चेहरा उतरला. माझ्या मुलाचे घर, नोकरी, सारे या एका वाक्यावर येऊन टेकले होते. आणि वर, माझ्या डोक्यावर, एका माणसाचेही.

"एक शुक्रवार थांबा," मी म्हणालो. "मी स्वतः जाऊन पाहतो. न पाहता एखाद्याचा संसार उठवणे मला जमणार नाही."

"संसार कसला, एकटाच तर आहे."

"मग अधिकच थांबले पाहिजे."

देशमुखांनी मान्य केले, पण जाताना बजावले, "त्या काट्याला भुलू नका, काका. पुढच्या शुक्रवारी मी लिफ्टपाशी उभा असेन. तुम्ही खाली आलात की निकाल."

तो आठवडा मी पुष्कळ विचार केला. मला भीती वाटत होती, हे सांगण्यात संकोच नाही. एकांतवासी मनुष्य, परकी भूमी, वितळलेले शिसे. मनुष्याच्या मनात काय चालते हे टिचकी मारून थोडेच कळते?

शुक्रवारी पूजा आटोपली. तांब्यात तीर्थ घेतले, वाटीत प्रसाद घेतला, आणि जिना चढून परबांच्या दारी उभा राहिलो. तीर्थप्रसाद हे निमित्त होते. पण खोटे निमित्त नव्हते. मेणाचा वास येतच होता. दार उघडेच होते. मी "परब" अशी हाक मारून आत पाऊल टाकले.

"पाणी! गुरुजी, पाणी तिथंच ठेवा! एक थेंब आणू नका आत!"

पुराणांतून मी तीर्थाला भिणाऱ्यांची वर्णने शिकवली आहेत. त्यांपैकी कोणी चौथ्या मजल्यावर राहत असेल असे मला वाटले नव्हते. मी तांब्या उंबऱ्याबाहेर ठेवला.

परब स्वयंपाकघरातून बाहेर आले. हातात जाड कातडी मोजे, डोळ्यांवर चष्मा, कपाळावर घाम. "माफ करा. तापलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर ते उडतं, चेहऱ्यावर येतं. तुमचं तीर्थ नंतर घेईन. बसा. पण बोलू नका हं जास्त. वेळ झालीय."

कसली वेळ, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. मी बसलो. समोर सारे मांडलेले होते. विजेच्या शेगडीवर लोखंडी लहान कढई, तिच्यात पाऱ्यासारखे चमकणारे शिसे. सांडशीसारख्या दांड्यांचा एक जुना साचा. शेजारी काटा. आणि मधोमध, स्वच्छ पुसलेल्या फडक्यावर, तांब्याचे ताम्हण. फार जुने, कडा झिजलेले, कोणा सुवासिनीच्या हातचे असावे असे. भिंतीला टेकवून ठेवलेला फोन उजळला आणि त्यात एक मुलगी दिसली.

"काका, जेवलेत ते. पण पडूक तयार नायत. गोळ्यो खय, गोळ्यो खय, चाललाहा."

"आलो, सुलभा. दादाच्या कानापाशी धर."

चित्र हलले. उशीवर एक वृद्ध मुख दिसले. पांढरी दाढी, छताकडे लागलेले डोळे.

"रघू, इलंस?"

"इलंय दादा. ओततंय आता."

परबांनी पळीने शिसे साच्यात ओतले, क्षणभर थांबले, साचा उघडला. सुपारीएवढी गोल गोळी बाहेर आली. तिच्यावरचे शेपूट त्यांनी कापले, ती काट्यावर ठेवली, वजन मोठ्याने वाचले, आणि मग ती ताम्हणात पाडली. टक्.

उशीवरचे डोके एका बाजूला कलले. तेच तिरकेपण. ते परबांचे नव्हते तर! ते त्यांना या उशीवरून मिळालेले होते.

"हलकी हा," फोनमधला आवाज म्हणाला. "आत वारो ऱ्हवलो. परत ओत."

"होय दादा." परबांनी निमूटपणे गोळी कढईत टाकली.

दुसरी ओतली. "साचो थंड पडलो तुझो. सुरकुती आसतली बघ." परबांनी गोळी डोळ्यांशी नेली. खरोखरच तिच्यावर बारीक सुरकुती होती. मी थक्क होऊन पाहत राहिलो. तिसऱ्या गोळीवर ते मुख बराच वेळ स्तब्ध राहिले. "ही चलात. ठेव. डुकरांचो भरोसो नाय, रघू. बार एकच. चुकलो की खलास."

"खलास," परब म्हणाले.

एवढ्यात मला खोकला आला.

"कोण रे तो?"

परब गोंधळले. "आमचे गुरुजी, दादा. खाली राहतात. पूजा करतात."

"भटजीनु!" तो आवाज एकदम नम्र झाला. "बरा झाला इलात. गोळ्यांक आशीर्वाद देवा. एकय फुकट जावची नाय असो."

माझी परिस्थिती कठीण झाली. ज्या देवाची मी आयुष्यभर उपासना केली, त्याने पृथ्वीच्या उद्धारासाठी वराहाचेच रूप घेतले होते. आणि येथे वराहावर चालवावयाच्या गोळ्यांना माझ्याकडून आशीर्वाद मागितला जात होता. परब माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत असे आर्जव मी पूर्वी पाहिले नव्हते. मी मनोमन क्षमा मागितली आणि हात उंचावून म्हणालो, "शेत सुखरूप राहो."

"झाला तर," वृद्ध म्हणाला. त्याने कूस बदलली. आणखी काही गोळ्या पडल्या, काही नापास झाल्या, काही चालल्या. आणि हळूहळू त्याचे हुंकार विरळ होत गेले. सुलभाने फोन स्वतःकडे वळवला, डोळ्यांनी 'झोपले' अशी खूण केली, आणि चित्र मावळले.

परबांनी मोजे काढले. मग कोणी न विचारताच सांगू लागले.

"ठासणीची बंदूक होती आमची. पिकाच्या राखणीची, रीतसर परवान्याची. दारू भरायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, मग एक बार. दुसरा भरेपर्यंत डुक्कर अंगावर. म्हणून गोळी चोख पाहिजे. शुक्रवारी बाजारातून दादा, माझा थोरला भाऊ, शिसं आणायचा, मी ओतायचो. आठवडाभर पुरवायच्या. आत जरा पोकळी राहिली की गोळी तिरकी जाते. दादा कानाने ओळखायचा. त्याने नापास केलेली गोळी मी कधी पास करून घेऊ शकलो नाही, गुरुजी. कधीच नाही."

"आणि आता बंदूक?"

"पोलीस ठाण्यात जमा केली. शेत पडीक. दादाला आता काही आठवत नाही. फक्त डुकरं आठवतात. गोळ्या नाहीत म्हटलं की दोन-दोन दिवस झोपत नाही, उठून शेताकडे जायला बघतो. रेकॉर्ड करून पाठवून बघितलं. दोनदा चाललं. तिसऱ्यांदा म्हणाला, 'कालचीच ऐकवतंस माका?'"

"मग तुम्ही गावीच का जात नाही? समोर बसून ओता."

परबांनी साचा मिटवून बाजूला ठेवला.

"गेलो होतो की. समोर बसलो. म्हणाला, 'हो कोण म्हातारो? रघूक हाक मारा.' मी म्हटलं, दादा, मीच रघू. तर त्याला सांभाळणाऱ्या सुलभाला म्हणाला, 'ह्याका भायर काढ.' डोळ्यांनी बघितलं की मी परका. फोन कानाशी लावला आणि गोळी वाजवली, की मी रघू." त्यांनी काटा बंद करून खिशात ठेवला. "म्हणून इथंच बरा मी."

मग ते उठले. दादांनी निवडलेल्या, चोख ठरलेल्या साऱ्या गोळ्या त्यांनी ताम्हणातून ओंजळीत घेतल्या, आणि एकेक करून कढईत सोडल्या. गोळ्या क्षणभर आपला आकार धरून राहिल्या, मग कडेने विरघळल्या आणि पुन्हा नुसते शिसे झाले.

"हे काय?" मी विचारले.

"ठेवून काय करू? इथं ठेवणं बरं नाही, विमानात नेता येत नाहीत. आणि लागतात कुणाला?"

मी त्या कढईकडे पाहत राहिलो. दर श्रावणी सोमवारी मी पार्थिव शिवलिंग करतो. येथे नदीची माती नाही, म्हणून तुळशीच्या कुंडीतली मूठभर घेतो. तिला आकार देतो, आवाहन करतो, पूजा करतो, आणि त्याच दिवशी बादलीत विसर्जन करून ती माती पुन्हा तुळशीला घालतो. मागे काही उरवावयाचे नसते. हा विधी मी किती शिष्यांना शिकवला! आणि माझ्या डोक्यावर तो दर शुक्रवारी चालला होता, तर मी छताकडे संशयाने पाहत बसलो होतो.

शिसे निवल्यावर परबांनी हात धुतले, बाहेर येऊन तीर्थ घेतले. प्रसाद मात्र तोलला.

खाली लिफ्टपाशी देशमुख उभे होते. "काका? गोळ्या होत्या ना?"

"होत्या. आता नाहीत."

"नाहीत म्हणजे? कुठे गेल्या?"

"विसर्जन झाले." आणि मी त्यांना सर्व सांगितले. देशमुखांचा चेहरा आधी ताठ होता. 'ह्याका भायर काढ' येथे आल्यावर त्यांनी लिफ्टचे बटण उगाचच दाबले.

"वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "पण काका, रिस्क ती रिस्क. मागे एक जरी गोळी राहिली आणि कुणाच्या नजरेस पडली, तर हे रामायण पोलिसांना कोण सांगणार?"

"राहणार नाही. यापुढे दर शुक्रवारी मी तेथे बसेन आणि शेवटची गोळी वितळल्यावरच खाली येईन."

"नक्की? एक जरी दिसली तर मी मालकाकडे जाणार."

"अवश्य जा."

त्याप्रमाणे माझे शुक्रवार परबांकडे जाऊ लागले. मी जप करीत बसे, ते ओतत. दादा आता मला "भटजीनु, इलात?" असे विचारत. शेवटी मी कढईत डोकावून पाही आणि म्हणे, "पोकळी मफी." परब याला हसत, हसताना ते प्रथमच दिसले.

मग एका शुक्रवारी, मी निघण्याच्या तयारीत असताना, त्यांचा फोन आला. मागे गोंगाट होता.

"गुरुजी, अदलियात लिफ्ट अडकलीय. आत माणसं आहेत, एक बाई घाबरलीय. मला हलता येत नाही. सुलभाचे चार फोन येऊन गेले. दादा उठून दाराशी गेलाय."

"मी काय करू?"

"ओतू नका, हात भाजेल. नुसतं काहीतरी ताम्हणात पाडा. सुपारी, काहीही. बोलू नका, आवाज ओळखेल. एक पास झाली की निजतो तो."

माझ्याजवळ एकही गोळी नव्हती. असती कशी? मीच तर दर शुक्रवारी ती उरू दिली नव्हती. परबांकडून क्रमांक घेऊन मुग्धांनी सुलभाला फोन लावला आणि माझ्या ताम्हणाजवळ धरला. दादांचा श्वास ऐकू येत होता. ते रागावलेले होते, रडवेले होते.

"रघू, आज गप कित्या रे? डुकरां बांधार इली!"

मी सुपारी पाडली.

"ही सुपारी!" ते ओरडले. "माका फसयतंस?"

मुग्धांनी स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला बत्ता आणला, मी नको म्हणालो. लोखंड ते तत्क्षणी ओळखतील. दूर तिकडे सुलभा विनवत होती, काहीतरी कलंडल्याचा आवाज आला. माझी दृष्टी देवघराकडे गेली. संपुष्टात, देवांच्या डबीत, शाळिग्राम होता. माझ्या गुरुजींनी दिलेला. मी नित्य ज्याला न्हाऊ घालतो, ज्याला उपाशी ठेवून कधी जेवलो नाही. मी त्याला हात जोडले. म्हणालो, तू वराह झालास, नरसिंह झालास. आज क्षणभर गोळी हो.

मी शाळिग्राम ताम्हणावर नेला आणि बोटभर उंचीवरून सोडला. माझा हात कापत होता. सोडताना बोटे ताम्हणाच्या काठाला लागली आणि तो नाद थरथरत पसरला.

पलीकडे शांतता झाली. एवढी, की मुग्धांनी फोन कट झाला का ते पाहिले.

"ही पोकळ आसा," दादा अखेर म्हणाले.

मी डोळे मिटले.

"ऱ्हवांदे," ते पुढे म्हणाले. आवाजातला राग कोठेतरी विरून गेला होता. "हात कापता तुझो, रघू. दमलंस. ऱ्हवांदे ती तशीच. जा, जरा पड तू."

आणि थोड्या वेळाने सुलभा कुजबुजली, "निजले."

परब आले ते तडक आमच्याकडे. हाताला काळे वंगण, सदरा भिजलेला. "निजला?"

"निजले."

"काय पाडलंत?"

मी देवघराकडे बोट केले. परबांनी मुग्धांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"पास झाला?"

"नाही. पोकळ आहे, म्हणाले."

"मी तेव्हाच सांगितलं होतं, गुरुजी," ते उद्गारले. पण त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. "मग निजला कसा?"

दादांचे शब्द मी जसेच्या तसे सांगितले. माझ्या तोंडी ते बोलणे नीट बसले नसेल. पण परब ओठ हलवून ते माझ्यामागोमाग म्हणत होते. 'दमलंस' येथे त्यांचे ओठ थांबले.

"असं म्हणाला?" त्यांनी विचारले. "राहू दे म्हणाला? मला तो कधी राहू दे म्हणाला नव्हता."

ते देवघराशी गेले. हात धुतलेले नव्हते, म्हणून दूरच उभे राहिले. मला वाटले, आता मान तिरकी करतील. त्यांनी मान खाली घातली आणि वंगणाचे हात छातीशी जोडले. बराच वेळ ते तसेच राहिले.

मुग्धांनी आतून लाडू आणला. परबांनी तो हातात घेतला, कपाळाला लावला. काटा खिशात होता. त्याचा चौकोनी फुगवटा मला दिसत होता. त्यांनी लाडू तसाच तोंडात टाकला, आणि तो संपेपर्यंत आमच्याकडे पाठ करून खिडकीबाहेर पाहत उभे राहिले.